कपाटावरचे यंत्र
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे एका वैद्यकीय व्यावसायिकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या विषयाचा आरंभ एका कपाटापासून होतो. कराडकडील एका साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात काम करणारे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीचे, अंगाने भरलेले, मिशा झुपकेदार. कामावर बसल्या जागी त्यांना डुलकी लागे, सकाळी डोके जड असे आणि तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसे. तपासणीअंती त्यांना झोपेतील श्वासरोधाचा विकार असल्याचे निश्चित झाले. रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र मी त्यांना सुचविले. कामगारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी ते घेतले.

तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा रक्तदाब जेथल्या तेथेच होता. यंत्राबद्दल विचारताच ते समाधानाने म्हणाले, "यंत्र हाय की एकदम व्यवस्थित. कपाटावर ठेवलंय. पोरं हात लावत न्हाईत."

मी त्यांच्यावर रागावलो, आणि केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असा शेरा मारून मोकळा झालो. तो शेरा चुकीचा होता, हे उमगावयास मला पुढे बराच काळ लागला. तो का चुकीचा होता, एवढेच आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम विकाराविषयी थोडे. आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानण्याची रीत आहे. कुंभकर्णाची थट्टा करता करता आपण घरातल्या घोरणाऱ्या माणसाचीही थट्टा करतो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही माणसांत जीभ व मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जो आवाज होतो ते घोरणे; आणि वाट पूर्णपणे मिटली की आवाज एकाएकी थांबतो. घरच्या माणसांना वाटते, बरे झाले, आता शांत झोप लागली. प्रत्यक्षात त्या शांततेत माणसाचा श्वास अडलेला असतो. छाती व पोट हलत असतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्याने गुदमरल्यासारखा आवाज करून कुशीवर वळतो, आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दहा सेकंदांहून अधिक काळ श्वास थांबला तर त्यास श्वासरोध म्हणतात. असे संपूर्ण अथवा अपुरे अडथळे तासाला पाचापर्यंत आढळले तर काळजीचे कारण नसते. पंधराच्या पुढे गेले तर विकार मध्यम आणि तिसाच्या पुढे गेले तर तीव्र समजला जातो. तासाला तीस याचा अर्थ दर दोन मिनिटांस एकदा. अशा माणसाने आठ तास झोप घेतली तरी ती झोप त्याच्या अंगी लागत नाही. सकाळी तो उठतो तो दमलेलाच.

हा विकार श्रीमंतांचा आहे, शहरी आहे, असा एक समज आहे. लठ्ठपणाशी त्याचा निकटचा संबंध आहे हे खरे. परंतु जबड्याची ठेवण, मानेचा घेर, वाढते वय आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबण्याचा काळ यांचाही त्यात वाटा असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार ३० ते ६९ या वयोगटातील सुमारे ९३ कोटी माणसांना कमीअधिक प्रमाणात हा विकार असावा. त्यांतील बहुसंख्यांना आपणास काही विकार आहे याचा पत्ताच नसतो, कारण रोगी झोपलेला असताना रोग जागा असतो.

आता यंत्राकडे वळू. १९८० पूर्वी तीव्र विकारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसविणे. सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांची कल्पना अगदी साधी होती. नाकावाटे सौम्य पण अखंड दाबाने हवा सोडली, तर तीच हवा घशात आधार देणाऱ्या टेकूसारखी काम करते आणि वाट मिटत नाही. प्रारंभीच्या त्या यंत्रांत धूळ ओढून घेणाऱ्या झाडणी-यंत्राची मोटर उलट्या दिशेने वापरलेली असे आणि तिचा आवाजही तसाच असे. आजचे यंत्र डब्याएवढे आहे, त्याचा आवाज पंख्याहून कमी आहे आणि दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका ठेवता येतो. लोकांत ते 'सीपॅप' या नावाने परिचित होऊ लागले आहे. एक गोष्ट येथे स्पष्ट करतो. हे प्राणवायूचे यंत्र नव्हे. ते आपल्या खोलीतलीच हवा देते. आणि विकार ते बरा करीत नाही. चष्मा लावला म्हणजे नजर सुधारत नाही, चष्मा असेतोवर दिसते, तसेच हे आहे. लावले त्या रात्री श्वास मोकळा, न लावले त्या रात्री पूर्वीसारखा.

म्हणजे सारा प्रश्न येऊन ठेपतो तो ते किती रात्री आणि किती तास लावले यावर. येथे वैद्यकशास्त्राला एक चमत्कारिक सोय लाभली. गोळी घेतली की नाही हे रुग्णाच्या शब्दावर सोडावे लागते. हे यंत्र मात्र आपल्या पोटात तासांची नोंद ठेवते. १९९३ साली अमेरिकेत ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांना न सांगता अशी नोंदयंत्रणा बसविली गेली. 'आम्ही रोज रात्री लावतो' असे त्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांनी सांगितले होते. नोंद उघडून पाहिली तेव्हा दहांपैकी सात दिवस, किमान चार तास, एवढी माफक अपेक्षा पुरी करणारे केवळ १६ जण निघाले. तेव्हापासून हाच चार तासांचा माप-दंड रूढ झाला, आणि अमेरिकेत तर सरकारी विम्याने यंत्राचा खर्च द्यावयाचा की नाही हे त्यावरच ठरविले जाते. मला स्वतःला हा आकडा फारसा पसंत नाही. चार तास म्हणजे अर्धी रात्र. श्वासरोध बहुधा पहाटेच्या स्वप्नाळू झोपेत अधिक होतो, आणि नेमक्या त्या वेळी मास्क उशाखाली गेलेला असतो.

या अर्ध्या रात्रीची किंमत काय, हे २०१६ साली एका मोठ्या पाहणीत दिसून आले. सात देशांतील, भारतासह, २,६८७ रुग्णांचा त्यात समावेश होता. त्या सर्वांना पूर्वीच हृदयाचा अथवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार झालेला होता. यंत्र दिलेल्या गटात पुढील झटके कमी होतील अशी अपेक्षा होती. ती फळास आली नाही. झोपाळूपणा कमी झाला, मनःस्थिती सुधारली, कामावरील गैरहजेरी घटली, परंतु हृदयविकार टळल्याचे सिद्ध झाले नाही. त्या रुग्णांनी यंत्र सरासरी ३.३ तासच लावले होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अधिक तास लावले असते तर निकाल बदलला असता काय, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. मी आपणास एवढेच सांगेन की, या यंत्राने हृदयविकार हमखास टळतो असे कोणी विक्रेता सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसास त्याने जो आराम पडतो तोही क्षुल्लक समजू नये. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाटात रात्री दोन वाजता ट्रक चालविणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो आराम त्याच्यापुरता राहत नाही.

तर मग माणसे यंत्र का सोडतात? मी ज्या भागात काम केले त्या दोन जिल्ह्यांपुरते बोलतो.

पहिली गोष्ट हवापाण्याची. सातारा आणि सांगली हे नकाशावर शेजारी, परंतु त्यांच्यात किती प्रकारची हवा सामावली आहे ते आपण जाणताच. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या कोरड्या टापूत उन्हाळ्याच्या रात्री नाकात सतत वारा शिरू लागला की नाक सुकते, चुरचुरते, कधी रक्तही येते. तिसऱ्या दिवशी माणूस मास्क काढून ठेवतो. यावर उपाय आहे. यंत्राला पाण्याची छोटी टाकी जोडता येते व हवा ओलसर करता येते. पण त्या टाकीत बोअरचे जड पाणी घातले की आठ दिवसांत तळाशी पांढरा थर बसतो. शुद्ध केलेले ऊर्ध्वपातित पाणी घालावे असे माहितीपत्रकात छापलेले असते; ते गावात कोठे मिळणार? निदान पाणी उकळून, गार करून, रोज बदलावे आणि थर दिसताच टाकी धुवावी, एवढे सांगणारे तरी कोणी भेटले पाहिजे. उलट पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे थंडी-पावसात याच ओलाव्याचे नळीत पाणी होते. पहाटे ते नाकावर टपकते आणि झोपलेला माणूस दचकून उठतो. तेथे नळीला कापडाची खोळ शिवावी, ओलावा कमी करावा आणि यंत्र खाटेहून खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी नाकाकडे न येता मागे जाते. एकच यंत्र आणि एकच माहितीपत्रक. दहिवडीत एक तक्रार, कोयनानगरात नेमकी उलटी.

दुसरी गोष्ट मिशांची. आपण हसलात, पण हा थट्टेचा विषय नाही. मिशीवर मास्कची कड नीट बसत नाही, फटीतून हवा सुटते, शिट्टीसारखा आवाज होतो आणि शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडते. कवळी काढून झोपणाऱ्या वृद्धांचे गाल आत जातात व दिवसा बरोबर बसलेला मास्क रात्री गळू लागतो. मास्कचे चार-पाच प्रकार असतात. केवळ नाकपुड्यांत बसणाराही एक आहे आणि तो मिशीवाल्यांस पुष्कळदा सोसतो. परंतु विक्रेता डब्यातून जो निघेल तो देतो आणि रुग्ण गळती थांबावी म्हणून पट्टे इतके आवळतो की नाकाच्या दांड्यावर जखम होते. पट्टे आवळणे हा गळतीवरील उपाय नव्हे. बहुधा मापच चुकलेले असते.

तिसरी गोष्ट विजेची. गावठाणात आता रात्री वीज बऱ्यापैकी असते. परंतु आपल्याकडे पुष्कळ कुटुंबे मळ्यात, वस्तीवर राहतात, आणि तेथील वीज शेतीपंपांच्या वाहिनीच्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की रात्र अंधारात. वीज गेली म्हणजे यंत्र थांबते. मास्कला छिद्रे असल्यामुळे माणूस गुदमरत नाही, परंतु घाबरून मात्र जातो. एकदा असे घडले की पुन्हा मास्क लावावयास मन धजत नाही. ओलाव्याची टाकी बंद ठेवली तर यंत्रास फार वीज लागत नाही आणि घरातील साध्या इन्व्हर्टरवर रात्र निघू शकते. हे सांगितले तर भय निम्मे ओसरते.

परंतु खरे अडथळे या तीन गोष्टींहून खोल आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत करोनाची लाट दीर्घकाळ उतरली नव्हती. त्या महिन्यांत तोंडावर घट्ट मास्क, नळी आणि घुंघुं आवाज करणारे यंत्र हे दृश्य अनेक घरांनी पाहिले, आणि त्या खाटेवरून माणूस परत आला नाही हेही पाहिले. आज त्याच घरात वडिलांच्या नाकावर तसाच मास्क चढविला की सुनेच्या डोळ्यांत पाणी येते, नातवंडे खोलीत यावयास भितात. एक वृद्ध मला म्हणाले, "मी जिवंत हाय, पण घरातली मला मेल्यासारखं बघत्यात." या माणसाला 'चार तास, दहांत सात रात्री' असा हिशेब सांगून काय उपयोग? त्यांच्या घरी बसून, सर्वांदेखत मी तोच मास्क स्वतःच्या नाकावर लावला, नातवाला लावू दिला, हसलो, आणि मग ते यंत्र त्या घरात राहू शकले.

स्त्रियांची अडचण निराळीच आहे. पुरुष घोरतो हे चारचौघांत सांगितले जाते. स्त्री घोरते हे सांगणे तिच्या माहेरचा कमीपणा मानला जातो. परिणामी ती आमच्यापर्यंत येते ती थकवा, डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन, आणि तिला रक्तवाढीच्या गोळ्या देऊन परत पाठविले जाते. तपासणी होऊन यंत्र मिळालेच, तर एका खोलीत पाचसात माणसे झोपणाऱ्या घरात ती ते लावणार कोठे? पहाटे सर्वांआधी उठून पाणी भरणारी तीच, आजाऱ्याच्या उशाशी जागणारीही तीच. सलग झोप हीच तिच्या वाट्याला येत नाही, मग यंत्राचे तास कोठून भरावेत?

आता त्या बॉयलरवरील गृहस्थांकडे परत येतो. पुढे मी त्यांना सवड काढून एकेक गोष्ट विचारली तेव्हा समजले ते असे. गळीत हंगामात त्यांची पाळी दर आठवड्यास बदलत असे. आमच्या तोंडून त्यांनी 'रात्री लावावयाचे यंत्र' असे ऐकले होते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा सोप्यावर झोपत. तेव्हा रात्र नव्हती, म्हणून यंत्र नाही. दुपारच्या वामकुक्षीसही नाही. उरलेल्या आठवड्यांत मिशीखालून हवा सुटे, पत्नी कुरकुर करी. त्यातच आषाढ आला. लोणंद-फलटणवरून माउलींच्या पालखीबरोबर ते पंढरपूरला पायी गेले. तंबूत यंत्र कोठे लावणार? परत आले ते सवय मोडूनच. एवढ्या साऱ्या कारणांपैकी एकही कारण 'रुग्ण सहकार्य करीत नाही' या शेऱ्यात मावत नव्हते. 'जेव्हा जेव्हा झोपाल तेव्हा तेव्हा लावा' हे साधे वाक्य मी उच्चारले नव्हते, हा दोष माझाच होता.

येथे मला मिरजेची आठवण होते. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडी आहे. १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने ती वसली आणि तेथील क्षयरुग्णालय दूरवर प्रसिद्ध झाले. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचे आरोग्यधाम होते. क्षयरोग म्हणजे महिनोन्महिने अशा ठिकाणी जाऊन राहणे, असेच त्या काळी समीकरण होते, आणि तेथे औषध वेळेवर घेतले जाते की नाही हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. परिचारिका समोर उभी असे. १९५६ साली मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना तीच औषधे देऊन त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच राहू दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : घरी राहणारे रुग्णही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात बरे झाले. जगभर आरोग्यधामांची गरज संपत आली ती येथपासून. परंतु तेथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली होती. ते अवचित रुग्णाच्या घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले काय ते पाहत. आणि त्यांच्या ध्यानात आले की, घरच्या उपचाराचे यश औषधाच्या गुणाइतकेच ते नियमित पोटात जाण्यावर अवलंबून आहे.

पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला, १९९७ पासून समक्ष गोळी देण्याची पद्धत देशभर पसरू लागली. उपचार सोडणाऱ्यास कागदोपत्री कित्येक वर्षे 'कसूरदार' अशा अर्थाचा शब्द वापरला जाई. तो आता मागे पडला असून, 'पाठपुराव्यातून निसटलेला' अशा आशयाची संज्ञा वापरली जाते. शब्द बदलला त्याबरोबर दोषाचा पत्ताही बदलला. गोळी चुकली तर विचारावयास जाणारी अंगणवाडीताई, आशाताई, गावातला दुकानदार, अशी माणसांची साखळी क्षयाच्या बाबतीत आपण उभी केली. श्वासरोधाच्या यंत्राबाबत आज अशी साखळी नाही. कुटुंब तीस-चाळीस हजार किंवा त्याहून अधिक रुपये मोजते, विक्रेता एकदा येऊन बटणे दाखवितो आणि निघून जातो. पुढे महिन्याभराने डॉक्टरांची भेट.

आणि नेमका हा महिनाच घातक आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांची रात्रवार नोंद तपासली गेली. नियमितपणे लावणारे आणि मधूनमधून लावणारे असे दोन गट चौथ्या दिवसापर्यंतच वेगळे पडू लागलेले दिसले. म्हणजे महिन्याने भेटणारा डॉक्टर सव्वीस दिवस उशिरा येतो. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेला एक दूरध्वनी जे काम करतो ते महिन्यानंतरच्या तासभर उपदेशाने होत नाही. मी हल्ली रुग्णास पहिल्या भेटीत यंत्र लावून झोपावयास सांगतच नाही. दोन-तीन दिवस संध्याकाळी, जागेपणी, दूरदर्शन पाहताना अथवा पोथी वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे असे सांगतो. नाकावरील वाऱ्याची ओळख जागेपणी झाली की झोपेत तो परका वाटत नाही.

आपणापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्याकडे माझी एक निराळी विनंती आहे. वर्गात पेंगणारे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे, घरी घोरणारे मूल आढळले तर त्याला आळशी म्हणू नये. पुष्कळदा टॉन्सिल्स व नाकामागील ग्रंथी वाढलेल्या असतात आणि यंत्राविना, लहानशा शस्त्रक्रियेने ते मूल सुधारते. झोपाळूपणा मोजण्यासाठी आम्ही जी प्रश्नावली वापरतो ती १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार झाली. तीत मोटारीत बसले असता, नाट्यगृहात बसले असता डुलकी लागते काय असे प्रश्न आहेत. शिराळ्याच्या किंवा मेढ्याच्या माणसाला मी त्याऐवजी एस. टी.त, कीर्तनात, ग्रामसभेत डोळा लागतो काय असे विचारतो. (ग्रामसभेच्या उत्तरावरून मात्र रोगाचे निदान करू नये, तेथे निरोगी माणसेही झोपतात.)

पंचायत सदस्यांकडून अपेक्षा अशी. जुनी यंत्रे हल्ली हातोहात विकली जातात. एका घरातला रुग्ण गेला की त्याचे यंत्र दुसऱ्या गावी स्वस्तात जाते. एका मोठ्या परदेशी कंपनीने २०२१ साली आतील फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका असल्यावरून आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली होती. तेव्हा जुने यंत्र घेण्यापूर्वी ते कोणत्या सालचे व कोणत्या बनावटीचे हे तपासून घ्यावे, मास्क व नळी नवी घ्यावी आणि दाब डॉक्टरांकडून आपल्या तपासणीप्रमाणे लावून घ्यावा. दुसऱ्याचा चष्मा जसा चालत नाही तसा दुसऱ्याचा दाबही चालत नाही. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या वहीत मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद असतेच; गावात ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांचे एक पान तीत वाढवावे. बहुतेक गावांत ते पान दोन-चार नावांचेच होईल. या नावांना पहिल्या पंधरवड्यात दोनदा भेटणे हे काम फार मोठे नाही. ट्रक-ट्रॅक्टर चालकांच्या बाबतीत मात्र जपून वागावे. विकार कळला तर परवाना जाईल, मालक गाडी काढून घेईल, या भीतीने ते तपासणीस येत नाहीत. त्यांना आधी असे सांगावे की, उपचार घेणाऱ्या चालकापेक्षा न घेणारा चालक अधिक धोक्यात असतो.

यंत्र हाच एकमेव मार्ग आहे असेही मी म्हणत नाही. वजन घटविणे, कुशीवर झोपणे, रात्रीचे मद्य वर्ज्य करणे यांचा उपयोग होतो. सौम्य विकारात दंतवैद्याने बनविलेले, खालचा जबडा पुढे धरणारे साधन चालते. लठ्ठ रुग्णांसाठी २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत एका इंजेक्शनास मान्यता मिळाली आहे. परंतु तीव्र विकारात आज तरी यंत्राएवढा तत्काळ आराम देणारे दुसरे साधन नाही. ज्याला ते अजिबात सोसत नाही त्याने ते कपाटावर न ठेवता डॉक्टरांना तसे मोकळेपणी सांगावे, म्हणजे दुसरी वाट शोधता येते.

बॉयलरवरील गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत. नाकपुड्यांत बसणारा मास्क त्यांनी घेतला. मिशी शाबूत आहे. मागील नोंदीत सरासरी साडेपाच तास भरले होते. वारीच्या दिवसांत अजूनही खंड पडतो, आणि त्यावर मी काही बोलत नाही. परत आल्यावर चौथ्या दिवशी दूरध्वनी तेवढा करतो. पाटणकडील एक बाई पुढील आठवड्यात यावयाच्या आहेत. त्यांच्या नळीत पाणी साचते. जुन्या स्वेटरची खोळ शिवून आणते, असे त्यांच्या सुनेने कळविले आहे.